चौथ्या मोरीचा निरोप

तुळशीराम गर्जे यांच्याबद्दल, म्हणजे आमच्या तात्यांबद्दल, मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. कुणी विषय काढला तर मी चष्मा पुसत बसायचो, पाणी प्यायला उठायचो. पारनेरला माझ्याकडे येणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना हे माहीत झालं होतं, तेही मग विषय काढत नसत. सगळ्यांना वाटायचं, मला त्या दिवसाचा त्रास होतो म्हणून मी बोलत नाही. तो समज मी तसाच राहू दिला.

तात्यांच्या दहाव्याला मात्र उठून जाता आलं नाही. आमच्या नगर जिल्ह्यात दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं होतात. मिरजगावच्या पलीकडे, सीनेच्या काठावर, शे-दोनशे माणसं उन्हात बसली होती. गावचे माजी सरपंच माइक हातात घेऊन म्हणाले, "तात्यांच्या हातून नोकरीत एक चूक झाली. त्या चुकीनं तीन माणसं गेली. पण माणूस म्हणून तात्या सोन्यासारखा." लोकांनी माना हलवल्या. तात्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी, पदरातून तोंड वर केलं नाही. मग माझं नाव पुकारलं, तात्यांचे नोकरीतले मित्र म्हणून. मी माइक घेतला, "तात्या फार नेटके होते," एवढं म्हणालो आणि बसलो.

म्हणून आता लिहितो आहे.

तात्या आणि मी एकाच सशस्त्र दलात होतो. दलाचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते दलाच्या हातून घडलं नाही. तीस वर्षं होत आली. राज्याच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीच्या जंगलात आमचा कॅम्प होता. नक्षलवाद्यांची आणि सरकारची लढाई आम्ही तिथे जाण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि आम्ही परतल्यावरही चालूच राहिली. आमच्या वाट्याला तिचा अकरा किलोमीटरचा एक कच्चा रस्ता आला होता, कॅम्पपासून डांबरी सडकेपर्यंतचा. त्या रस्त्याखाली पाणी जायला पाच मोऱ्या होत्या. सुरुंग पेरायला मोरीसारखी जागा नाही. म्हणून गाडी निघण्याआधी रोज सकाळी दहा-बारा माणसं पायी पुढे जायची, झाडीतून, रस्ता सोडून, आणि प्रत्येक मोरी तपासायची. त्या तुकडीचे हवालदार तात्या होते.

तात्या अंगानं बारीक, रंगानं काळेसावळे, आणि चालताना कायम जमिनीकडे पाहणारे. बोलताना समोरच्याच्या बुटाकडे बघायचे. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, हा लाजतो आहे. त्यांच्या हातात बंदुकीबरोबर एक बोरीची काठी असायची. काठी डोक्यावर आडवी धरली की थांबा, उभी धरली की या. कॅम्पातल्या ड्रायव्हरांना ही खूण तोंडी हुकमापेक्षा पक्की वाटायची.

मी वायरलेसवर बसायचो आणि रजिस्टर लिहायचो. अक्षर चांगलं म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. तात्या वयानं तीन वर्षांनी मोठे, पण तेही मास्तरच म्हणायचे, आणि अहो-जाहो करायचे. एकाच जिल्ह्यातले म्हणून आमचं जास्त जमायचं.

त्यांचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. राहात्याकडच्या कारखान्यांवर, कोपीत, त्यांचं लहानपण गेलं. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. एकदा मी त्यांच्याबरोबर दुसऱ्या मोरीपर्यंत गेलो होतो. सागाची पानं गळाली होती, सगळा रस्ता पानांनी झाकलेला. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तात्या एका जागी उभे राहिले आणि काठीनं लांबूनच दाखवलं.

"ते बघा मास्तर. पडलेलं पान कसं बी पडतं. कडंवर, पालथं, एकमेकावर वाकडं. पसरलेलं पान गुमान झोपतं. आमची माय कोपीपुढं पाचट पसरायची, तवापासून मला फरक कळतो."

"मग इथली?"

"हितली पडलेली हायत. चला."

हे एवढं सांगून त्यांनी खिशातला वायरलेस सेट तोंडाशी धरला आणि म्हणाले, "दोन झाली." मोरी तपासली की हाच निरोप. एक झाली, दोन झाली. जेवतानाही त्यांच्या तोंडात तेच बसलं होतं. तिसरी भाकरी संपली की स्वतःशीच "तीन झाली" म्हणायचे आणि स्वयंपाकी त्यांच्या ताटात चौथी टाकायचा.

त्यांचा दुसरा हट्ट, गेल्या वाटेनं परत यायचं नाही. पाय मोडायची वेळ आली तरी नाही. नाल्यावर आंघोळीला गेले तरी येताना वेगळ्या वाटेनं येत. एकदा आमचा एक जवान वैतागून म्हणाला, "तात्या, आंघोळीला गेलेल्या माणसाला कोण मारतंय?"

"आंघोळ करून आलेलाच सापडतो," तात्या म्हणाले. "लई हलकं वाटत असतं तवा."

एकदा एक जखमी नक्षलवादी आमच्या हाती लागला. पायाला गोळी, तिशीतला माणूस. गाडी येईपर्यंत त्याला दिवसभर कॅम्पात ठेवायचं होतं. बाकीचे त्याच्याकडे रागानं किंवा भीतीनं पाहत होते. तात्यांनी त्याला भाकरी दिली आणि समोर बसले, एखाद्या विहिरीच्या कामावरच्या गवंड्याशी बोलावं तसे.

"खड्डा झाल्यावर पानं परत टाकायला तुमच्यात कोन असतं?"

त्या माणसानं भाकरीचा तुकडा मोडला. त्याला मोडकीतोडकी मराठी येत होती. मग म्हणाला, "बायका. त्या चांगलं टाकतात."

"चांगलं न्हाई टाकत. पसरतात."

त्या माणसाला हसू आलं. पाय दुखत असूनही. भाकरी संपवून तो म्हणाला, "तू काठीवाला ना? तुझ्या पाळीला आम्ही गाडी धरत नाही. उगाच सामान जातं."

आम्ही बाहेर जमलेल्या सगळ्यांना याचा आनंद झाला. तात्यांना झाला नाही. दोन दिवस त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "म्हंजी मी नसताना धरत्याल. आता मला रजा घ्यायची चोरी." आणि खरंच, पुढचे सात महिने त्यांनी रजा घेतली नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नालाही गेले नाहीत.

आता माझं सांगतो.

तिसरी मोरी ओलांडली की रस्ता टेकडीमागे जायचा आणि वायरलेस बंद पडायचा. पाचवी मोरी झाल्यावर तुकडी चढावर यायची, तेव्हा पुन्हा आवाज लागायचा. त्यामुळे "चार झाली, पाच झाली" हे दोन्ही निरोप एकदम यायचे, आणि उशिरा यायचे. तोवर गाडी सुरू करून ड्रायव्हर ताटकळायचा, साहेब सहीसाठी रजिस्टर मागायचे. नियम सोपा होता. पाचही निरोप आल्याशिवाय गाडी निघायची नाही. निरोप नाही म्हणजे गाडी नाही.

मी काय करायला लागलो होतो, तर चौथ्या आणि पाचव्या मोरीची नोंद अंदाजानं वेळ घालून आधीच लिहून ठेवायचो. निरोप आला की बाजूला फक्त बारीक टिंब द्यायचं. वर्षभर मी हे करत होतो. वर्षभर निरोप रोज आला. मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. माझं अक्षर साहेबांना आवडायचं. घाईत लिहिलं की ते बिघडायचं, हेही एक कारण होतं. इतकं क्षुल्लक.

त्या दिवशी तात्यांचा "तीन झाली" आला. मग टेकडी, मग शांतता. गाडीत तिघे जाणार होते. ड्रायव्हर, रजेवर निघालेला एक नाईक, आणि दाढ दुखते म्हणून दवाखान्यात निघालेला आमचा स्वयंपाकी. त्याचा गाल सुजून लाल झाला होता. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं आत घातलं. "मास्तर, निघू का?"

मी रजिस्टरकडे पाहिलं. चार झाली, पाच झाली. दोन्ही ओळी लिहिलेल्या होत्या, वेळेसकट. टिंब दिलेलं नव्हतं. माझंच लिहिलेलं वाचून मी "निघा" म्हणालो.

तिकडे चौथ्या मोरीपाशी तात्यांना पसरलेली पानं दिसली होती. त्यांनी नियमाप्रमाणे तुकडी मोरीपासून मागे घेतली आणि सुरुंगाची वायर जिथून ओढली असेल त्या बाजूनं लांबचा वळसा घेतला, वायरीच्या टोकाशी बसलेल्या माणसाला धरायला. रस्त्याची त्यांना काळजी नव्हती. त्यांनी निरोप दिला नव्हता, त्यामुळे गाडी येणारच नव्हती. मग त्यांना इंजिनाचा आवाज आला. बरोबरचे जवान सांगतात, तात्या काठी डोक्यावर आडवी धरून झाडीतून रस्त्याकडे धावत सुटले. दोनशे पावलं कमी पडली. त्यांच्या डाव्या कानाला त्यानंतर ऐकू आलं नाही.

चौकशीत तात्या म्हणाले, "मी चौथी पाह्यली न्हाई आन् निरोपबी दिला न्हाई." त्यांच्यापुढे रजिस्टर ठेवलं. मला विचारलं. टिंब मी गाडीचा आवाज दूर गेल्यावर देऊन टाकलं होतं, निरोप येईलच म्हणून. मी म्हणालो, "नोंदीप्रमाणे निरोप आला होता."

तात्यांनी पहिल्यांदा माझ्या बुटाकडे न पाहता तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते चौकशी अधिकाऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर खोटं लिवनार न्हाईत. मी बोललो न्हाई. मंग मधी कुनीतरी माझ्या आवाजात बोललं. त्या लोकांकडं आपला एक सेट गेलेला हाय, त्याचा तपास करा."

मला वाचवण्यासाठी ते असं म्हणाले नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं. त्यांच्या हिशेबात मी खोटं लिहिणं ही शक्यताच नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी शोधून काढली. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, आवाज माझ्यासारखाच हुता का?"

"खरखर होती," मी म्हणालो.

आयुष्यात मी बोललेल्या सगळ्या शब्दांत हे दोन शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात.

निष्काळजीपणाचा ठपका ठेवून तात्यांना नोकरीतून कमी केलं. ते गावी आले. मी पुढे बारा वर्षं नोकरी केली, बढती घेऊन निवृत्त झालो आणि पारनेरला घर बांधलं.

गावात तात्यांनी काय केलं? मोऱ्या पाहिल्या. थट्टा नव्हे. रोज सकाळी काठी घेऊन गावापासून फाट्यापर्यंत जायचे आणि रस्त्याखालच्या तिन्ही मोऱ्यांत वाकून बघायचे. जायचे एका वाटेनं, यायचे दुसऱ्या. पारूबाई म्हणायच्या, "ह्यांना मिठाला धाडलं की गावाला येढा पडतो. भाजी आळणी खायची सवय झाली आमाला."

चहाच्या टपरीवरची पोरं मागून ओरडायची, "तात्या, आमच्या टेम्पोला मोरी बघून द्या की!" तात्या डाव्या कानानं बहिरे, पण उजव्यानं सगळं ऐकू यायचं. ते खरंच मोरीत उतरायचे, वर यायचे, काठी उभी धरायचे. "पाह्यली. जाऊ द्या." टेम्पोवाला ओशाळून निघून जायचा.

एका वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांनी भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, बायका, लेकरं, भांडी, शेळ्या, असा गावातून निघाला. तात्या रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभे. ड्रायव्हरनं आधी हॉर्न दिला, मग शिव्या दिल्या.

"बाजूला व्हय म्हाताऱ्या, मुकादम बोंबलतोय तिकडं."

"घाई मुकादमाला हाय ना? मंग त्याला पुढं धाडा, मोरीवरनं."

अर्धा तास वादावादी झाली. शेवटी दोन माणसं खाली उतरली आणि त्यांनी पाहिलं, पावसानं मोरीच्या पाइपाभोवतीची सगळी माती वाहून गेली होती, वर नुसता डांबराचा पापुद्रा. एकानं पहार मारली तर ती आरपार गेली. ट्रॅक्टर शेतातून काढला. एका म्हाताऱ्या बाईनं ट्रॉलीतून उतरून तात्यांच्या पायाला हात लावला.

ही गोष्ट मला पारूबाईंनी सांगितली. पण त्याच दिवशी टपरीवर कुणीतरी म्हणालं होतं, "ही एवढी बघितली, मंग ती का न्हाई बघितली?" तेही त्यांनीच सांगितलं.

तात्यांनी अर्ज करणं सोडलं नाही. महिन्याला एक. त्यांना नोकरी परत नको होती, आणखी काही नको होतं. रजिस्टरात 'चौथी मोरी तपासली' असं जे लिहिलं आहे ती ओळ खोडावी, एवढंच मागणं. एका वकिलानं त्यांना सांगितलं, आणखीही बरंच मागता येईल. तात्या म्हणाले, "मी पाह्यली न्हाई ती मोरी माझ्या नावावर हाय. ती काढा. बाकी तुमचं तुमी ठेवा."

आणि हे अर्ज लिहीत कोण होतं? मी. मी निवृत्त झाल्यावर ते एकदा एसटीनं पारनेरला आले, कागद पुढे ठेवले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर हापिसात वाचत्याल. माझं कोन वाचतंय?" मी नाही म्हणू शकलो नाही. त्यांचा पोस्टानं निरोप आला की दर दोन-तीन महिन्यांनी मी मिरजगावला जायचो, ओट्यावर बसून तेवढ्या महिन्यांचे अर्ज एकदम लिहून द्यायचो. 'अज्ञात व्यक्तीने हस्तगत केलेल्या संचावरून माझ्या नावे खोटा निरोप दिला असावा' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं, मोजलेलं नाही. ज्या हातानं नोंद केली त्याच हातानं ती खोडण्याची विनंती. कचेरीत कुणी दोन कागद शेजारी ठेवून पाहिले असते तर अक्षर एकच दिसलं असतं. कुणी पाहिले नाहीत.

पारूबाई चहा आणून द्यायच्या. "भावजी, तुमी हाय म्हून ह्यांना धीर हाय," म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी तात्या म्हणाले, "मास्तर, आता अर्ज मीच लिवतो. तुमचा हात थकला." माझा हात थकला नव्हता. तरी मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी जास्त विचारलं नाही.

दहाव्याचं सगळं उरकल्यावर पारूबाईंनी मला घरी बोलावलं. पत्र्याच्या पेटीतून एक लिफाफा काढला. "ह्यो टपालात टाकायचा ऱ्हाऊन गेला. काय लिवलंय ते वाचून सांगा." आत तात्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरातला अर्ज होता, वर्षापूर्वीची तारीख घातलेला. मी मोठ्यानं वाचायला लागलो.

'चौथी मोरी मी तपासली नाही. निरोप मी दिला नाही. माझ्या आवाजात दुसरे कोणी बोलले असे मी आजपर्यंत लिहीत होतो, ते बरोबर नव्हते. कोणीच बोलले नव्हते. नोंद कोणी केली ते मला विचारायचे नाही. तेवढी ओळ खोडावी.'

'कोणीच बोलले नव्हते'पाशी मी थांबलो. उरलेलं मी मनात वाचलं, मग पुन्हा सुरुवातीपासून मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत. त्यानंतर पारूबाईंना सगळं सांगितलं. रजिस्टर, टिंब, खरखर, सगळं. मी वाट पाहत होतो की त्या ओरडतील, मला घराबाहेर काढतील.

त्यांनी नजर जमिनीकडे नेली, तात्या न्यायचे तशी. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? हापिसात सांगा. आन् जिथं त्यो सरपंच माइकवर बोलला, तिथं बी सांगा."

हापिसात सांगितलं आहे. सहीनिशी, साक्षीदारांपुढे, दोन पानी जबाब दिला आहे. वर्षश्राद्धाला सीनेकाठी माइक मागणार आहे, सरपंचांना तसं आताच कळवलं आहे. ओळ खोडली जाईल का, मला माहीत नाही. अजून उत्तर आलेलं नाही. महिन्याला एक अर्ज मी पाठवतो, आणि त्यात आता असावा, नसावा असं काही लिहीत नाही. हे लिखाणही त्यातलाच एक अर्ज समजावा.

जे राहिलं ते राहिलंच. तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधी चार महिने. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. हाच दोन पानी जबाब, पण तात्यांना पत्र म्हणून लिहिलेला, माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. आम्ही ओट्यावर बसलो, ज्वारीबद्दल बोललो, माझ्या मोतीबिंदूबद्दल बोललो. चहा झाला. मी दोनदा खिशाला हात लावला. तात्या माझ्या चपलांकडे बघत होते. त्यांचा तो अर्ज तेव्हा आतल्या पेटीत पडलेला होता, आणि तो गेला असता तर बोट माझ्यावर आलं असतं म्हणून त्यांनी तो टपालात टाकला नव्हता, हे मला आज कळतं.

एसटीची वेळ झाली तसे ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडी समोर दिसायला लागल्यावर मी म्हणालो, "तात्या, मला एक—"

"थांबा जरा," ते म्हणाले आणि काठी टेकत मोरीत उतरले. वाकून आरपार पाहिलं. सावकाश वर आले. गाडी येऊन थांबली होती, कंडक्टर घाई करत होता. मी पायरीवर चढलो. खिडकीतून पाहिलं तर तात्या रस्त्याच्या कडेला उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत, आणि काठी त्यांनी उभी धरली होती.

गाडी निघाली. ते वळले आणि दुसऱ्या वाटेनं घराकडे चालू लागले. खिशातला कागद बाहेर काढून मी तो गाडीत मनातल्या मनात वाचला. त्याची सुरुवात अशी होती: तात्या, तुमचा निरोप आला नव्हता. 'निघा' मी म्हणालो. मला माफ करा.